चेन एका जागी टाईट, एका जागी ढिली: किट बदलू की अजून चालेल?

धूळवाट
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. गाडी सिंगल सिलिंडर आहे, ५२० ची रिंगवाली चेन, ११२ लिंक, पुढे १५ दात आणि मागे ४५. किट (चेन आणि पुढचं-मागचं दातांचं चक्र, म्हणजे स्प्रॉकेट) गाडीबरोबर आलेलंच आहे, १९,००० किमी झाले. महिनाभरापासून ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला झटके बसतात, थ्रॉटल सोडून परत दिला की खालून 'टक' असा आवाज येतो. गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी बघितल्या बघितल्या चेन ढिली आहे म्हणून ओढून दिली, पाच मिनिटांचं काम. पण त्यानंतर ६० च्या पुढे एक बारीक 'घूंSS' असा आवाज सुरू झाला जो आधी कधीच नव्हता, आणि 'टक' होतं ते तसंच आहे. काल डबल स्टँडवर लावून चाक हाताने फिरवलं तर चेन एका जागी तारेसारखी ताठ होते आणि थोडं पुढे फिरवलं की लोंबते. पुढच्या महिन्यात मागे बायको आणि सामान घेऊन ३,००० किमीची राईड ठरलीये. नुसती अॅडजस्ट करून निघू का, नवीन किटच टाकू? आणि टाकायचं तर फक्त चेन बदलून भागेल का, स्प्रॉकेट मला तरी ठीकच दिसतायत.

रानपाखरू
आधी एक काम करा, आजच्या आज चेन ढिली करा, बाकीचं नंतर बघू. ढिल्या चेनपेक्षा टाईट चेन जास्त नुकसान करते आणि हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. मागचं चाक खड्ड्यावरून वर जातं तेव्हा स्विंगआर्म (मागचं चाक धरून ठेवणारा दांडा) त्याच्या पिव्होटवर, म्हणजे बिजागरीवर, फिरतो आणि मागचा एक्सल, स्विंगआर्मचा पिव्होट आणि पुढच्या स्प्रॉकेटचं सेंटर एका रेषेत आले की चेनला सगळ्यात जास्त लांबी लागते. उभ्या गाडीवर चेन आधीच ताठ असेल तर त्या क्षणाला द्यायला तिच्याकडे काहीच उरत नाही, मग सगळा ताण गिअरबॉक्सच्या आऊटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर जातो. मागे माणूस आणि सामान म्हणजे सस्पेन्शन आणखी दाबलेलं राहणार, म्हणजे तुमच्या राईडला हे दुप्पट लागू आहे. तो घूं आवाज त्याचाच असणार.

मापायचं कसं तर स्विंगआर्मवर स्टिकर असतो नाहीतर मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, गाडी साईड स्टँडवर हवी की डबल स्टँडवर तेही तिथेच लिहिलेलं असतं, त्याच पद्धतीने करा. खालच्या बाजूला दोन्ही स्प्रॉकेटच्या बरोबर मधे चेन बोटाने खाली दाबा, मग वर ढकला, दोन्हीतलं अंतर म्हणजे स्लॅक. पण हे एका जागी मापून सोडू नका, चाक थोडं थोडं फिरवत आठ-दहा जागी मापा आणि जिथे सगळ्यात टाईट भरते तिथे स्लॅक बसवा. तुमच्या गॅरेजवाल्याने नेमक्या लोंबत्या जागी माप घेऊन ओढली असणार.

दहाबारा_पाना
ताईंशी सहमत. भाऊ, स्प्रॉकेट दिसायला ठीक आहेत म्हणताय पण पुढचं बघितलंय का? कव्हर काढल्याशिवाय ते दिसतच नाही आणि आधी झिजतं तेच, कारण १५ दातांवर तेवढाच भार येतो जो मागे ४५ दातांवर वाटला जातो. दात एका बाजूला कललेले, टोकाशी आकड्यासारखे झाले असतील तर गेलं समजा.

धूळवाट
धन्यवाद दोघांनाही. आत्ता मापून आलो. माझ्या गाडीला मॅन्युअल २५ ते ३५ मिमी सांगतं. टाईट जागी फक्त १० भरला आणि ढिल्या जागी ३५! म्हणजे ताई म्हणतायत तसंच झालेलं आहे. तात्पुरती ढिली करून टाईट जागी २५ ठेवलाय, आता ढिल्या जागी ५० येतो. घूं आवाज गेला, एका चकरेतच. पण ५० म्हणजे चेन स्विंगआर्मच्या रबराला घासताना दिसते. आता मुळात ही टाईट-ढिली होते कशामुळे?

वंगण_नव्वद
तुमचा प्रश्न आवडला कारण बहुतेक लोक इथपर्यंत येतच नाहीत, चेन ओढतात आणि निघतात. जरा लांब लिहितो.

टाईट-ढिलीची दोन कारणं असू शकतात, चेन किंवा स्प्रॉकेट, आणि कोणतं ते घरी पाच मिनिटांत कळतं, फक्त खडू लागतो. चेन जिथे सगळ्यात टाईट होते तिथे थांबा, खालच्या मधल्या लिंकवर खडूने खूण करा आणि मागच्या स्प्रॉकेटच्या सगळ्यात खालच्या दातावर दुसरी खूण. आता चाक फिरवत राहा. तुमची चेन ११२ लिंकची आणि मागे ४५ दात, म्हणजे चेनची एक फेरी पूर्ण व्हायला चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. चाकाच्या प्रत्येक फेरीला टाईट जागा येत असेल, म्हणजे दातावरची खूण दर वेळी खालीच सापडत असेल तर मागचं स्प्रॉकेट गोल राहिलेलं नाही किंवा सेंटरमध्ये बसलेलं नाही. आणि अडीच फेऱ्यांनी येत असेल, चेनवरची तीच खूण तिथेच परत दिसत असेल, तर दोष चेनमध्ये आहे. माझ्या अनुभवात दहातल्या नऊ वेळा चेनच निघते.

चेनमध्ये असं का होतं? आपण म्हणतो चेन ताणली, पण लोखंडाची पट्टी काही लांब होत नाही. प्रत्येक लिंकमध्ये पिन असते आणि ती बुशमध्ये, म्हणजे बारीक नळीत, फिरते, ती पिन आणि बुश झिजतात, प्रत्येक जागी केसाएवढी फट पडते आणि ११२ ठिकाणची फट एकत्र झाली की चेन लांब झाल्यासारखी वाटते. रिंगवाल्या चेनमध्ये पिन आणि बुशच्या मधे कंपनीने ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी रबरी रिंगने बंद केलेलं असतं. ती रिंग कुठे फाटली, सुकली, किंवा धुताना आतलं ग्रीस निघून पाणी शिरलं की तेवढेच लिंक कोरडे पडतात, गंजतात, काही जाम होतात आणि काही भराभर झिजतात. बाकीची चेन ठणठणीत. म्हणून एक तुकडा ताठ, एक तुकडा लोंबता. हे अॅडजस्ट करून जाणारं दुखणं नाही.

तुम्ही गाडी प्रेशर वॉशरने धुता का? आणि चेन कशाने साफ करता?

धूळवाट
दर पंधरा दिवसांनी प्रेशरने धुतो, आणि खरं सांगायचं तर चेनवर पण मारायचो, चिखल पटकन निघतो म्हणून. साफ करायला पेट्रोल आणि तारेचा ब्रश. ऑइल मात्र नेमाने टाकतो, इंजिनाचंच.

वंगण_नव्वद
मग उत्तर मिळालं. पेट्रोलने रिंगचं रबर कडक होतं आणि तडकतं, तारेचा ब्रश रिंगची कड खरवडतो, आणि प्रेशरचं पाणी उरलेलं काम करतं. नवीन चेनला यातलं काहीच करू नका. रॉकेल, नाहीतर चेनसाठीच येणारा क्लीनर, आणि नायलॉनचा मऊ ब्रश, एवढंच. ब्रश मारून झाला की लगेच फडक्याने कोरडी करायची, भिजत ठेवायची नाही. ऑइलला मी गिअर ऑइल वापरतो, ८०-९० नंबरचं, बऱ्याच मॅन्युअलमध्ये तेच सांगितलेलं असतं. काहींना स्प्रे वॅक्स आवडतं, तेही चांगलं आहे, डब्यावर रिंगवाल्या चेनला चालतं असं लिहिलेलं पाहिजे बस. इंजिन ऑइल पातळ, ते चेनवर टिकत नाही, रिमवर आणि टायरच्या कडेला उडतं, आणि टायरवर ऑइल ही गंमत नाही.

कुठे टाकायचं हे जास्त महत्त्वाचं आहे. वरून ओतू नका. खालच्या बाजूला, चेनच्या आतल्या अंगाला, जी बाजू स्प्रॉकेटवर बसते तिथे, रिंगांच्या दोन्ही ओळींवर थेंब थेंब. चेन फिरते तेव्हा ते आतून बाहेरच्या दिशेने फेकलं जातं, म्हणजे आपोआप रोलरमधून आणि रिंगांवरून जातं. रिंगवाल्या चेनमध्ये आपलं ऑइल पिनपर्यंत पोचतच नाही, तिथलं ग्रीस कंपनीचंच, आपण रोलर आणि रबर ओलं ठेवतो आणि गंज अडवतो. राईडवरून आल्यावर चेन गरम असताना टाकलं की छान शिरतं, सकाळपर्यंत जास्तीचं फडक्याने पुसून काढा. दर ५०० किमीला, आणि पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी.

एकटा_मुक्काम
मी तर डबल स्टँडवर गाडी चालू करून पहिल्या गिअरला टाकतो आणि चेन फिरत असताना ब्रश धरतो. दोन मिनिटांत काम होतं, चाक हाताने फिरवत बसायला कुणाला वेळ आहे.

रानपाखरू
दादा, हे कृपा करून आजपासून बंद करा. माझ्या ओळखीतल्या एकाचं असंच फडकं चेनमध्ये गुंतलं आणि फडक्याबरोबर हात गेला, मधल्या बोटाचं वरचं पेर राहिलं नाही. आयडलला पण चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे बोट गेलं की ओढून घ्यायला वेळ मिळत नाही. इंजिन बंद, न्यूट्रल, चावी खिशात, आणि चाक हाताने. हाताने फिरवतानासुद्धा फडकं खालच्या बाजूला मधोमध धरायचं, स्प्रॉकेटजवळ नाही.

एकटा_मुक्काम
ऐकून अंगावर काटा आला. बंद केलं ताई, खरंच.

दहाबारा_पाना
धूळवाट, आता मोजमाप करून टाका म्हणजे शंका राहणार नाही. एक लिंक म्हणजे पाच अष्टमांश इंच, १५.८७५ मिमी, ५२० मधला ५ म्हणजे तोच आकडा. चेन ताणून धरा, एका पिनच्या सेंटरपासून सुरू करून एकविसाव्या पिनच्या सेंटरपर्यंत मापा, मधे २० लिंक येतात. नवीन चेनला ते ३१७.५ मिमी भरतं. मॅन्युअलमध्ये मर्यादा असते, ती बघा. आणि चार-पाच जागी मापा, एका जागी मापून समाधान करून घेऊ नका. दुसरं म्हणजे मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढा. नवीन किटवर ती हलत नाही. दात अर्ध्याहून जास्त उघडा दिसला तर संपलंय.

आणि तो 'टक' आवाज मला चेनचा एकट्याचा वाटत नाही. मागच्या हबमधले कपलिंग रबर (स्प्रॉकेट आणि चाकाच्या मधले, धक्का झेलणारे) बघितलेत का? गाडी गिअरमध्ये टाका, डबल स्टँडवर मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा, आणि नजर स्प्रॉकेटवर ठेवा. स्प्रॉकेट जागेवर आणि चाक मात्र खुळखुळतंय असं दिसलं तर रबर दबलेत.

धूळवाट
आज रविवार पूर्ण गाडीखाली घालवला. सगळं क्रमाने सांगतो.

खडूची खूण केली, टाईट जागा अडीच फेऱ्यांनीच येते, म्हणजे चेन. हाताने एकेक लिंक वाकवून बघितली तर शेजारशेजारच्या दोन लिंक सरळ होतच नाहीत, कोपरात वाकल्यासारख्या उभ्या राहतात, आणि तिथल्या रिंगच्या जागी लालसर भुकटी होती, बोटाला लागली. रिंग तिथे नव्हतीच. २० लिंकचं माप तीन जागी ३१८.४, ३१८.९ आणि ३२०.२ आलं, माझ्या मॅन्युअलची मर्यादा ३१९.४ आहे. पुढचं कव्हर काढलं, आत काळ्या चिखलाचा थर एवढा की स्प्रॉकेट दिसेना, खरवडून साफ केलं तर दात एका बाजूला स्पष्ट कललेले.

मग चाक काढलं. स्प्रॉकेटचं होल्डर उचलायला गेलो तर ते चाकातून अलगद हातात आलं, काही जोरच लागला नाही. रबर काढून बघितले, प्रत्येकावर एका बाजूला खोल चर पडलाय आणि बोटाने दाबलं तर प्लास्टिकसारखे कडक. हेच टक वाजत होतं ना?

दहाबारा_पाना
हेच. चांगले रबर असले की होल्डर दोन्ही हातांनी जोर लावून, हलवत हलवत काढावं लागतं. तुम्ही थ्रॉटल देता तेव्हा इंजिनाचा धक्का आधी त्या रबरावर बसायला हवा, मग चाकावर. रबर दबले की होल्डर मोकळं फिरून हबच्या खाचेवर आदळतं. काही लोक सायकलच्या ट्यूबचे तुकडे फटीत घालतात, रस्त्यात अडकलात तर ठीक, पण मोठ्या राईडला तसं निघू नका. नवीन सेट घ्या. चाक निघालंच आहे तर होल्डरमधलं आणि चाकातलं बेअरिंग बोट घालून फिरवा, खरखर लागली तर तेही आत्ताच.

वंगण_नव्वद
चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदला, एकटी चेन नको. झिजलेल्या दातांचं अंतर जुन्या लांबलेल्या चेनशी जुळलेलं असतं, त्यावर नवीन चेन बसवली की सगळा भार एक-दोन दातांवर येतो आणि नवीन चेन काही हजार किमीत जुनी होते. दात तेच १५ आणि ४५ ठेवा. सामान आहे म्हणून पुढे १४ टाकायचा मोह होईल, पिकअप वाढतो हे खरं, पण रेशो ३ वरून ३.२१ होतो, म्हणजे त्याच स्पीडला इंजिन ७ टक्के जास्त फिरणार, ३,००० किमी हायवेवर ते कानाला आणि हाताला जाणवतं.

बसवताना काही गोष्टी. पुढच्या स्प्रॉकेटचा नट जुनी चेन चढलेली असतानाच ढिला करा, मागचा ब्रेक कुणाला तरी दाबून धरायला सांगा. चेन कापल्यावर तो नट सोडवायला गेलात तर शाफ्ट नुसता फिरत राहील. नटाखालचं लॉक वॉशर दुमडलेलं असतं, आधी ते सरळ करा, आणि बसवताना नवीन वापरा. नव्या चेनला लागून आलेलं चिकट ग्रीस रॉकेलने धुऊ नका, ते तसंच राहू द्या.

जोडायला रिव्हेटवाली लिंक घ्या, प्रेस लागतो, नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून करून घ्या. लिंकबरोबर चार रिंग येतात, दोन आत दोन बाहेर, एकही विसरली तर तीच लिंक आधी जाम होणार. प्लेट किती दाबायची आणि पिनचं टोक किती फुलवायचं ते माप चेनच्या पाकिटात असतं, त्याहून जास्त फुलवलं तर पिनला चीर जाते.

एकटा_मुक्काम
क्लिपवाली लिंक टाकली तर? माझ्याकडे तीच आहे, वर्षभर काही झालं नाही.

वंगण_नव्वद
कमी ताकदीच्या गाडीला चालते, पण क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला जाते तिकडे पाहिजे. वरच्या बाजूची चेन मागून पुढे जाते, म्हणजे लिंक वर असताना बंद तोंड पुढे. माझी एकदा उलटी बसवली होती, घाईत, दिवे लागल्यावर. क्लिपचं उघडं तोंड कशाला तरी घासलं आणि ती उडाली, प्लेट निघाली, चेन पुढच्या कव्हरमध्ये गोळा झाली. सुदैवाने स्पीड नव्हता. तेव्हापासून मी लांबच्या राईडला रिव्हेटच वापरतो आणि एक क्लिप लिंक सीटखाली जास्तीची ठेवतो.

रानपाखरू
अलाइनमेंट राहिलं. स्विंगआर्मवरच्या खुणांवर पूर्ण भरवसा ठेवू नका, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असतीलच असं नाही. स्विंगआर्मच्या पिव्होटच्या सेंटरपासून एक्सलच्या सेंटरपर्यंत दोन्ही बाजूंना टेपने मापा. मग मागून खाली बसून चेनवरून नजर टाका, ती पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत सरळ गेली पाहिजे. एक्सल नट आवळताना चाक पुढे अॅडजस्टरला टेकलेलं राहायला हवं, त्यासाठी मागच्या स्प्रॉकेट आणि खालच्या चेनच्या मधे फडक्याची घडी घालून चाक पुढच्या दिशेने फिरवून घट्ट धरा, मग टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्यावर आवळा. फडकं काढायला विसरू नका. आणि आवळून झाल्यावर स्लॅक परत मापा, नट आवळताना तो बदलतो, मला दर वेळी दोन-तीन मिमीचा फरक पडतो.

शेवटी सामान लावून, दोघं बसून, तिसऱ्या कुणाला तरी खाली चेन हलवून बघायला सांगा. थोडी तरी हलली पाहिजे. ताठ झाली तर स्लॅक ३५ च्या बाजूला न्या.

धूळवाट
चेन, दोन्ही स्प्रॉकेट, रबर आणि होल्डरचं बेअरिंग, सगळं बसवलं. बेअरिंग खरखरत होतंच. होल्डर या वेळी गुडघा लावून दाबावं लागलं तेव्हा आत गेलं. चेन एका ओळखीच्या मेकॅनिकने रिव्हेट करून दिली, मी शेजारी उभा राहून चारही रिंग मोजल्या. फिरवून बघितलं तर आठही जागी ३० ते ३२, कुठेच ताठ नाही. दोघं बसून, बॅगा लावून बघितलं, बोटाने हलते.

टक गेलं. दुसऱ्या गिअरला २० च्या स्पीडला थ्रॉटल सोडून दिला, परत दिला, दहा वेळा केलं, काही नाही. गाडी नवीन असताना अशीच होती हे मी विसरूनच गेलो होतो, वाटायचं सिंगल सिलिंडर आहे, झटके असणारच.

निघायच्या आधी ५०० किमी फिरवून घेतो, मग परत मापतो. एकच विचारायचं राहिलं, प्रेशर वॉश पूर्ण बंद करू का?

वंगण_नव्वद
बॉडीला मारा, पण चेन, मागचा हब आणि स्विंगआर्मच्या पिव्होटवर नोझल नेऊ नका. धुऊन झालं की चेन पुसून लगेच ऑइल. ५०० ला माप नक्की घ्या, नवीन चेन सुरुवातीला थोडी बसते, आकडा इथे टाका.

धूळवाट
५२० किमी झाले. सगळ्यात टाईट जागी ३३, ढिल्या जागी ३५. अॅडजस्टर दोन्ही बाजूंना सारखा फिरवून ३० वर आणलं, नट आवळल्यावर परत मापलं, २९ आला, तोच ठेवला. शनिवारी पहाटे निघतोय.